थोरलीचं पिंप

१

धाकटीच्या सपाता आधी चिकटल्या आणि मग तिला कळलं, की काहीतरी विपरीत घडलंय.

सकाळी ती नेहमीसारखी तळघरात उतरली होती. दोन्ही बाजूंना ओकची पिंपं आडवी निजलेली, मधून जेमतेम एका माणसाची वाट, आणि वाटेच्या टोकाला, डोंगराकडच्या भिंतीशी, ते एकटं पिंप. घरात सगळे त्याला थोरलीचं पिंप म्हणत. त्याच्याखाली फरशीवर भलंमोठं डबकं साचलं होतं. पिंपाचं खालचं बूच डबक्यात पडलं होतं; बाकीची वाइन मोरीतून वाहून गेली असावी. धाकटीनं पिंपाला हात लावून पाहिलं. भरलं असतं तर चार गड्यांनाही ते हलवता आलं नसतं. आता एका हाताच्या धक्क्यानं ते डुगडुगलं.

ती किंचाळली नाही. किंचाळणं, हसणं, घर डोक्यावर घेणं ही सगळी खाती थोरलीकडे होती, आणि थोरली जाऊन तीन वर्षं झाली होती. धाकटी वर गेली आणि तिनं वडिलांना हाक मारली.

आबा काठी टेकत खाली आले. पिंपाकडे त्यांनी फार वेळ पाहिलंच नाही. पायरीवर बसले, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काल आपल्या घरी कोण आलं होतं, ते मी वेगळं सांगायला हवं का?"

काल घरी थोरलीचा नवरा आला होता. तीन वर्षांनी पहिल्यांदाच, आणि आपली मुलगी घेऊन जायला.

२

फौजदारबाईंना वाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. वासानंच त्यांना पित्त व्हायचं. द्राक्षांच्या या गावात बदली झाल्यापासून त्या पर्समध्ये आल्याची वडी ठेवून हिंडत. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे आणि स्वभाव मुळातच संशयी. आईच्या मायेनं पाहणाऱ्या माणसावरही त्या एकदम विश्वास ठेवत नसत.

"चोरीला गेलं काय, तर एक पिंपभर वाइन," त्या पायऱ्या उतरताना म्हणाल्या. "आणि आरोपी कोण, तर घरचाच जावई. एवढ्यासाठी त्याला सकाळीच ठाण्यात आणून बसवलंय?"

"तुम्हाला समजणार नाही, बाई," धाकटी म्हणाली. "ती ताईची वाइन होती."

मग तिनं सांगितलं. डोंगरउतारावरचा हा मळा. दुपारी ऊन चटके देतं आणि संध्याकाळ झाली की डोंगरावरून गार वारा खाली उतरतो. त्या गारठ्यामुळे इथली द्राक्षं सावकाश पिकतात, साल जाड होते, आणि वाइन सुरुवातीला इतकी तुरट लागते की घोटभर पिऊन तोंड वाकडं व्हावं. तीन वर्षं ओकच्या पिंपात राहिली, की मग कुठे ती माणसात येते. थोरलीनं त्या शेवटच्या हंगामात वरच्या वाफ्यातली द्राक्षं स्वतः तोडली. अंगात ताप होता, सगळे नको म्हणत होते, पण ऐकेल तर ती थोरली कसली. पिंप भरलं, बूच ठोकलं आणि त्याच हिवाळ्यात छातीत कफ होऊन गेली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. नवऱ्याला ते घर खायला उठलं. पोरीला आजोबांकडे सोडून तो दूर बंदरावर नोकरीला निघून गेला.

"पुढच्या आठवड्यात पिंप उघडणार होतो. सगळ्या गावाला बोलावणं गेलं होतं. आणि भावजींनी लावलेल्या दाव्यात उद्या कोर्टात पोरीच्या ताब्याचा निकाल आहे."

म्हणजे गोष्ट पिंपभर वाइनची नव्हती. फौजदारबाईंनी आल्याची वडी या गालातून त्या गालात सरकवली.

तळघरात त्यांना घाम फुटला. भिंतीत डोंगराच्या बाजूला एक खिडकी होती, पण तिच्यावर आडव्या फळ्या ठोकलेल्या होत्या. "ताई ती रोज संध्याकाळी उघडायची, थंड हवा आत यायला," धाकटी म्हणाली. "ती गेल्यावर आबांनी बंद केली. त्या वाऱ्यानंच तिचा जीव घेतला म्हणतात."

प्रत्येक पिंपाच्या वर एक फळी होती आणि फळीवर लहान बाटल्या. काही भरलेल्या, तोंडाला लाख लावलेल्या. बऱ्याचशा रिकाम्या आणि उपड्या.

"या कशाला?"

"लाकूड वाइन पितं ना. पिंप जरा जरा रितं होत जातं. मग त्या रित्या जागेत हवा शिरते आणि वाइनची आंब होते. म्हणून दर आठवड्याला वरचं बूच काढून त्याच वाइनची भर घालायची. ज्या त्या पिंपाच्या बाटल्या आधीच भरून ठेवलेल्या असतात."

"तुझ्या ताईच्या पिंपावर तर फळी मोकळीच आहे."

"तिच्या बाटल्या आबांच्या खोलीत असतात. ती भर तेच घालतात, एकटे, दार लावून. आम्हाला कुणाला हात लावू देत नाहीत."

फौजदारबाई वाकल्या. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. त्यांनी रुमालाचं एक टोक डबक्यात बुडवलं आणि सरळ होताना त्यांची चप्पल फरशीवरून चर्र करत सुटली.

मागून काठीचा आवाज आला. आबा पायरीवर उभे होते, शेजारी नात.

"मेलेल्या बायकोची शेवटची खूण ज्यानं गटारात ओतली," ते म्हणाले, "त्याच्या हाती माझी नात द्यायची का, एवढंच मला कोर्टाला विचारायचंय. तुम्ही फक्त त्याला संध्याकाळपर्यंत आरोपी करा."

३

जावई ठाण्यातल्या बाकावर हात मांडीखाली घालून बसला होता. आपण निर्दोष आहोत असं ओरडून सांगायची उमेदही त्याच्यात दिसत नव्हती. फौजदारबाईंनी चहा मागवला. तो त्यानं प्यायला नाही.

"काल भांडण झालं?"

"झालं. मी म्हटलं, पोरीला न्यायला आलोय. ते म्हणाले, तीन वर्षं कुठे होतास? बरोबरच आहे त्यांचं. कुठे होतो मी?"

"रात्री तळघरात गेला होतास?"

तो गप्प झाला. फौजदारबाईंनी वाट पाहिली. पुष्कळ माणसं शांतता भरून काढण्यासाठीच खरं बोलतात, हा त्यांचा अनुभव होता.

"जेवणानंतर गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "थोडा वेळ पिंपापाशी बसलो. दुसरं काही केलं नाही."

"कुलूप होतं ना?"

"होतं."

"मग किल्ली कुणी दिली?"

"ते नाही सांगणार. तिला उगाच त्रास."

"बरं. पिंपापाशी बसलास. मग?"

जावयानं पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे तांबारलेले होते. "बायकोनं मला एक शिकवलं होतं. पिंपावर बोटाच्या पेरानं वाजवायचं. भरलेलं पिंप मुकं असतं, दगडावर वाजवल्यासारखं. काल मी वाजवलं आणि ते पोकळ वाजलं, बाई. रिकाम्या डब्यासारखं."

"रात्री? डबकं होतं खाली?"

"नाही. फरशी कोरडी होती. मला वाटलं, माझाच कान गेला. इतकी वर्षं लांब राहिलो, आता ही विद्याही उरली नाही आपल्याकडे. म्हणून कुणाला बोललो नाही." तो कसनुसा हसला. "आता बोललो तर कोण विश्वास ठेवणार? रात्री पिंपापाशी मीच होतो."

हे मात्र अगदी खरं होतं. कोर्टात असं काही सांगितलं असतं तर न्यायाधीशांनी पेन खाली ठेवून त्याच्याकडे कीव करत पाहिलं असतं.

४

धाकटीनं आढेवेढे घेतले नाहीत. "किल्ली मीच दिली. तळघराच्या दोनच किल्ल्या आहेत, एक आबांकडे, एक माझ्याकडे. भावजी म्हणाले, पाच मिनिटं तिच्याजवळ बसू दे. नाही कसं म्हणू?"

"आबांना सांगितलंस?"

"जीव घेतील माझा."

"आणि तूच नंतर खाली जाऊन बूच काढलं नाहीस कशावरून?" फौजदारबाईंनी सहज विचारलं. "तीन वर्षं मळा तू सांभाळतेस. वाइन तू करतेस. आणि गाव येणार कुणाच्या वाइनसाठी, तर ताईच्या."

धाकटीचा चेहरा उतरला. "वाटायचं मला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मेलेल्या माणसाशी बरोबरी करता येत नाही. आबांनी माझ्या वाइनला आजवर एकदा चांगलं म्हटलेलं नाही. पण ताईचं पिंप मी ओतेन? त्यापेक्षा स्वतःचा हात तोडून देईन."

तिनं कपाटातून एक बाटली काढली आणि ग्लासात थोडी ओतली. "त्याच वर्षाची, दुसऱ्या पिंपातली. ताईची कशी झाली असती ते कळेल तुम्हाला."

फौजदारबाई प्यायल्या नाहीत. त्यांनी रुमालाचं दुसरं, कोरडं टोक ग्लासात बुडवलं आणि रुमाल टेबलावर पसरला. एक डाग विटकरी होता. डबक्यातला डाग जांभळा होता, शाळेतल्या शाईसारखा. त्यांनी जांभळ्या डागाला बोट लावून पाहिलं. ते चिकटलं. विटकरी डाग नुसताच ओला होता.

"तुमच्याकडे चिकट वाइन कुठली असते?"

"यंदाची. टाक्यांमध्ये अजून फसफसतेय, तिच्यात साखर असते. जुनी झाली की…" धाकटी बोलता बोलता थांबली. तिची नजर रुमालावर खिळली. मग तिनं आपल्या सपातांकडे पाहिलं.

"टाक्यांच्या खोलीलाही कुलूप असतं?"

"असतं," धाकटी कशीबशी म्हणाली. "तिची किल्ली रात्री फक्त आबांकडे असते."

५

दुपारी फौजदारबाईंनी पिंपवाल्याला बोलावलं. गावातली सगळी पिंपं त्याच्या हातची. माणूस आडदांड, आणि स्वतःच्या कामाचा अभिमान इतका की बोलताना मिशीसुद्धा ताठ व्हायची. आबांनी दोन वर्षांपासून त्याला तळघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं आणि तो राग त्यानं पोटात ठेवलेला नव्हता.

"मी म्हटलं, थोरलीच्या पिंपाभोवतीच्या लोखंडी पट्ट्या एकदा बघून देतो. तर काठी उगारली माझ्यावर! माझ्या पिंपाला मीच हात लावायचा नाही?"

"आज लावा," फौजदारबाई म्हणाल्या. "पाण्यानं भरा."

"कशाला?"

"गळतंय का बघायचंय. कदाचित कुणी काही केलंच नसेल, आपोआपच गळून गेलं असेल."

पिंपवाला खवळला. "माझं पिंप गळेल? बाई, तीन वर्षं वाइनमध्ये भिजलेलं लाकूड आहे हे. थेंब सोडणार नाही. सोडला तर मिशी उतरवतो."

त्यानं खालचं बूच ठोकून बसवलं आणि वरून नळी लावली. पाणी आत पडू लागलं. आवाज घुमत होता. थोडा वेळ काहीच झालं नाही आणि पिंपवाल्यानं विजयी मुद्रेनं कमरेवर हात ठेवले. मग दोन फळ्यांच्या सांध्यातून पाण्याची एक बारीक रेघ उतरली. शेजारून दुसरी. बघता बघता पिंपाच्या अंगभर धारा लागल्या आणि फरशीवरचं जांभळं डबकं फिकट होत पायऱ्यांकडे पसरू लागलं.

पिंपवाल्याचा चेहरा बघवत नव्हता. "असं कसं होईल?" तो पुटपुटला. "असं होत नाही. माझ्या हातून असं होत नाही."

"तुमचं काही चुकलेलं नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "मिशी ठेवा."

त्यांना आईची लाकडी बादली आठवत होती. आई चार घरचे कपडे धुवायची. कधी आजारी पडली आणि बादली उन्हात कोरडी राहिली, की पुढच्या वेळी पाणी टाकल्याबरोबर ती चाळणीसारखी गळायची. लाकूड वाळून आक्रसलेलं असायचं. रात्रभर भिजत घातली, की फुगून पुन्हा धड व्हायची. एका रात्रीत बादली वाळत नसे. त्याला दिवसच्या दिवस लागत.

हे पिंप काल रात्री रिकामं झालेलं नव्हतं. ते कित्येक महिने रिकामंच होतं. जावयाचा कान शाबूत होता.

आणि तरीही दर आठवड्याला एक माणूस बाटली घेऊन, दार लावून, या कोरड्या पिंपात भर घालत होता.

फौजदारबाईंना कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्या सावकाश पायऱ्या चढून आबांच्या खोलीकडे गेल्या आणि दारावर टकटक न करताच आत शिरल्या.

६

आबा खिडकीशी बसले होते. खिडकीतून डोंगर दिसत नव्हता, नुसतं धुकं होतं. नात त्यांच्या पायाशी बसून फुटक्या पाटीवर काहीतरी चित्र काढत होती. फौजदारबाईंनी तिला मावशीकडे पाठवलं.

"आबा, तुमच्या कपाटात थोरलीच्या पिंपाच्या बाटल्या आहेत. मला बघायच्यात."

आबांनी किल्ली पुढे केली. हुज्जत घातली नाही.

कपाटात बाटल्यांच्या रांगा होत्या. तीन वर्षं भर घातली असती तर बहुतेक साऱ्या रिकाम्या होऊन उपड्या पडायला हव्या होत्या. एकही उपडी नव्हती. सगळ्या काठोकाठ भरलेल्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडावर लाख तशीच होती आणि लाखेवर थोरलीच्या अंगठ्याचा ठसा होता. धूळ मात्र कुठेच नव्हती. कुणीतरी त्या रोज पुसत होतं.

"या फोडून टाकल्या असत्यात, तर मी काय सिद्ध करणार होते?" फौजदारबाई म्हणाल्या.

"फोडू?" आबांनी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नसावा.

फौजदारबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "एकदाही भर घातली नाहीत?"

आबांनी तोंड धुक्याकडे वळवलं. "ती गेल्यानंतर पहिल्या आठवड्यात गेलो होतो," ते म्हणाले. "बूच काढलं आणि वास आला. हंगामात तिच्या हातांना यायचा, केसांना यायचा, तोच. मला उभं राहवेना. बूच परत बसवलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात घालू. पुढच्या आठवड्यात वाटलं, उघडलं की तिचा वास थोडा उडून जाणार. बाटली फोडली की तिचा ठसा जाणार. तो नको जायला. मग दर आठवड्याला जायचो, बाटली मांडीवर घेऊन बसायचो आणि वर यायचो. आयुष्यभर लोकांना शिकवलं, की पिंप उघडायला भ्यालात तर वाइन गमावाल. आणि मीच…"

"आणि खिडकीही बंद केलीत."

"तीही केली. तळघर तापलं. गेल्या हिवाळ्यात एकदा धीर करून बूच काढलं. आंब झाली होती, बाई. नाकाला झोंबेल अशी आंब. माझ्या पोरीनं तापात तोडलेली द्राक्षं. मीच ओतून दिली मोरीत. पिंप गरम पाण्यानं धुतलं आणि बूच लावून ठेवलं."

"आणि आता गाव येणार होतं."

"चोरीला गेली म्हटलं असतं, तर ती उत्तमच होती असं तरी राहिलं असतं. लोक म्हणाले असते, काय वाइन असेल थोरलीची! कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं मला, खरंच नव्हतं. पण काल तो आला आणि पोरगी मागितली. आत्ता सगळे झोपले की करू, असं मनात असताना तोच तळघरातून बाहेर येताना दिसला. मग माझी बुद्धी फिरली. टाकीतून यंदाची बादलीभर आणली आणि ओतली." त्यांनी नातीची पाटी उचलून मांडीवर घेतली. "ती पोर गेली की या घरात माझं काय उरतं?"

फौजदारबाईंना दया येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं हे एवढ्या नोकरीतही त्यांना कळलेलं नव्हतं.

"जावयाला मी आता सोडते," त्या उठत म्हणाल्या. "उद्या कोर्टात मी काही बोलणार नाही. तुम्हीच बोलायचं, सगळ्यांसमोर. पोरीसमोरसुद्धा."

"तिच्यासमोर नको."

"तिच्यासमोरच," फौजदारबाई म्हणाल्या. "तिचा बाप चोर आहे, असं सकाळी तिच्यासमोरच म्हणाला होतात."

७

आबा बोलले. कोर्टात काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि एकही शब्द न गाळता सगळं बोलले. नात बापाला मिळाली.

निघण्याआधी सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले होते. फौजदारबाईंना खरं तर तिथे काही काम नव्हतं, पण त्या गेल्या होत्या. आबांनी कपाटातली एक बाटली आणून जावयासमोर ठेवली आणि चाकूनं लाख फोडली. ठशाचे दोन तुकडे झाले. ते त्यांनी मुठीत धरून ठेवले.

जावयानं घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"कच्चीच आहे," तो हळूच म्हणाला.

"कच्चीच राहणार," आबा म्हणाले. "काचेत नुसती राहते. मऊ होते ती लाकडात."

धाकटीनं चव घेतली, मान वळवली आणि डोळे पुसले. एवढ्यात नातीनं ग्लास ओढून घेतला. कुणी काही म्हणायच्या आत तिनं त्यात नाक घातलं. वास घेतला. पुन्हा घेतला.

"आईचे हात," ती म्हणाली.

आबा उठले आणि उरलेल्या बाटल्या एका खोक्यात भरू लागले. एकेक बाटली फडक्यात गुंडाळून भरत होते. जावई म्हणाला, "तुम्हाला राहू द्या थोड्या." त्यांनी मान हलवली. खोका गाडीत नेऊन ठेवेपर्यंत त्यांनी तो कुणाला उचलू दिला नाही.

"मधूनमधून एक उघडत जा," ते जावयाला म्हणाले. "पोरीला वास देत जा. ठेवून देऊ नकोस." मग जरा घुटमळून म्हणाले, "आणि तिला इकडे…"

जावई नमस्काराला वाकला. मागच्या काचेतून नात हात हलवत राहिली, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

फौजदारबाई निघाल्या तेव्हा संध्याकाळ होत आली होती. तळघराच्या बाजूनं हातोडीचा आवाज येत होता म्हणून त्यांनी डोकावून पाहिलं. आबा खिडकीवरच्या फळ्यांचे खिळे काढत होते. धाकटी शेजारी उभी राहून फळी धरत होती. शेवटची फळी निघाली आणि डोंगरावरचा वारा आत शिरला, इतका गार की फौजदारबाईंनी पदर कानावरून घेतला.

आबा वाऱ्यात तसेच उभे राहिले. मग वळून त्यांनी धाकटीला विचारलं, "तुझ्या पिंपांत या आठवड्याची भर घातलीस का?"

"नाही अजून," ती म्हणाली.

"चल, मी बाटल्या धरतो," आबा म्हणाले, आणि पहिल्या पिंपाकडे चालू लागले.